नवऱ्याच्या अक्षरातलं पत्र

नवरा सीमेवरच्या लढाईतून अमरावतीला परतला, त्याआधीच त्याचं पत्र घराघरांत पोचलं होतं. त्याच्या तुकडीतला एक जवान धारातीर्थी पडला होता. त्या जवानाच्या आईला तुकडीप्रमुख म्हणून त्यानं लिहिलेलं पत्र कुणीतरी मोबाइलवर फिरवलं. मग हार, फेटे, शाळांची बोलावणी आणि रोज टपालाची चळत. मी वही केली: क्रमांक, तारीख, गाव, उत्तर.

त्या पत्रावर माझा पहिल्यापासून संशय होता. नवऱ्याची मला आलेली सगळी पत्रं मी क्रमानं लावून ठेवली आहेत. चार-चार ओळींची. सिलिंडर, विमा, गाडीचं ऑइल. आणि या पत्रात, "आंबिया बहारासाठी बागेचं पाणी तोडलं असेल. पानं मलूल दिसली तरी घाई करू नका." अकोल्याच्या सत्कारात पाहुण्यांनी हे दोनदा वाचलं, लोकांनी डोळे पुसले. माझं माहेर संत्र्याच्या बागेचं; बहार फुटावा म्हणून झाडांना पाण्याचा ताण देतात, हे मला ठाऊक. या माणसाला संत्र्याचं आणि मोसंबीचं झाड वेगळं ओळखता येत नाही.

परतताना गाडीत विचारलं, "कोणी लिहून दिलं?"

"अक्षर माझं नाही का?"

"अक्षर तुमचंच आहे. बाकीचं विचारते."

मूर्तिजापूरला तो गाडीचं ऑइल तपासायला उतरला.

वहीतही उत्तराचा एक रकाना रिकामा होता. चांदूर बाजारजवळून त्याच आईचं पत्र आलेलं, "सायेब, एकदा या." तीनदा आठवण करून देऊनही तो टाळत होता. रविवारी मीच गाडी काढली, त्याला शेजारी बसवलं.

चहा झाल्यावर म्हातारीनं विचारलं, "बागेचं पाणी काहून तोडतात, सायेब?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बाईकडं नका पाहू. तुमाले इचारून राहिली मी."

"माहीत नाही, माय."

"मले वाटलंच. हे माह्या पोराचं बोलणं हाये. त्याचा कागद कुठी हाये?"

नवऱ्यानं पाकिटातून कागदाची घडी काढली. कडेनं तपकिरी, कडक झालेली. "तुम्हाला लिहिलेला, त्याच्या खिशात सापडला. रक्तानं भिजला होता. तसा तुमच्या हाती कसा देऊ? म्हणून उतरवून काढला. खाली सही माझी केली. मग हार पडायला लागले, अन् बोलायचं राहूनच गेलं."

तिनं घडी पदरात घेतली. देवघरातलं नवऱ्याच्या अक्षरातलं पत्र आणून त्याच्यापुढे ठेवलं. "हे तुमचं. न्या."

परतवाड्याच्या शाळेचं बोलावणं पडून होतं. "येत नाही म्हणून कळव," तो म्हणाला. मी लिहिलं: येतो, पण आधी ते पत्र कोणाचं ते सांगू द्या. कागद पुढे केला आणि सही घेतली.