खुर्चीची सेवानिवृत्ती

आमच्या घरी बसायला पोतंच होतं, बी.ए.चा अभ्यासही मी त्यावरच केला. बाबा शिपाई, जन्मभर साहेबांच्या खुर्चीपुढे उभे. मला नोकरी लागल्यावर मी तीच खुर्ची बाबांच्या कचेरीच्या भंगारातून तारनाक्याच्या घरी आणली.

शेजारच्या काकांना जुन्या खुर्च्या दुरुस्त करायचा नाद. बारीक खिळे ओठांत धरूनच बोलतात, त्यामुळे नुसतं 'हूं हूं' ऐकू येतं. त्यांनी नवा काथ्या भरला, वर हिरवं रेक्झिन ठोकलं. तरी बाबा उभेच.

"साहेबांची आहे ती."

काकांनी ओठांतले खिळे काढले. खुर्चीला हार घातला, शाल पांघरली, पुढ्यात नारळ ठेवला.

"हौ, आजपासून ही रिटायर! आता साहेब नक्को, नुसती खुर्ची. बसा हो!"

बाबांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मग शालीची नीट घडी केली आणि पाठ टेकून बसले.