जाड टायरवरून अक्काच्या दारी

त्या रविवारी सकाळी मी जीन्स घालून जिना उतरले, तेव्हा आमच्या चाळीतल्या नळाचं पाणी चालू होतं, पण नळावरचं बोलणं बंद झालं. बायका हंडे धरून तशाच उभ्या. मी चाळिशीची, दोन पोरांची आई. घरी उल्हासनगरच्या शेठलोकांच्या जीन्सना चेन लावायचं काम करायची. उरल्यासुरल्या तुकड्यांतून एक स्वतःसाठी शिवली, तर त्यात एवढं काय? वर गुडघ्यापर्यंत कुडता होता, ओढणी होती. तरी सरूवहिनींचा हंडा भरून वाहायला लागला.

"सुमनताई, कुठे निघालात?"

"बहिणीकडे. नदीपलीकडे."

"एकट्या? का हो, काय झालं?"

"काही नाही झालं," मी म्हटलं आणि सायकल बाहेर काढली. पुढचं बोलणं मला ऐकायचं नव्हतं. ऐकू मात्र आलं.

ही गोष्ट नव्वद सालानंतरच्या एकदोन वर्षांतली. दसरा होऊन गेला होता, भातं पिवळी झाली होती. अंबरनाथला तेव्हा सायकली पुष्कळ, पण त्या काळ्या, बारीक टायरच्या, कंपनीत जाणाऱ्या. तसली एक तासाच्या भाड्याने घेऊन पावसाळाभर मी मैदानात स्वतःची स्वतःच शिकले होते. धरायला कोणी नव्हतं, म्हणून भिंत धरून शिकले. पण ही नवी निराळीच होती. लाल रंगाची, गियरची. टायर असे जाड की वर मक्याच्या कणसासारखे दाणे. उल्हासनगरला माल पोचवायला गेले होते, तिथे एका दुकानात ती टांगलेली दिसली आणि मी वर बघतच राहिले.

दुकानदार म्हणाला, "दादी, ये पहाडवाली है. पत्थर पे भी चलेगी."

मला दादी शब्दाचाच धक्का बसला. म्हटलं, "शेठ, माझे केस अजून काळे आहेत."

तो हसायला लागला. "अरे, दादी माने बडी बहन. आमच्या सिंधीत." मग त्याने सायकल खाली काढली. "आठ दिवस चालव. पसंत नाय आली तर वापस. लेकिन एक खरोंच नाय पायजे. और ध्यान रखना, चढाव पे हलका गियर, उतार पे भारी."

घरी आमचे हे म्हणाले, "ही सायकल आहे की रेडा?" दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "रविवारी एकटी अक्काकडे जाऊन ये. अंधार पडायच्या आत धड परत आलीस तर ठेव. नाहीतर सोमवारी शेठच्या दुकानात."

"धड म्हणजे?"

"तूही धड आणि तीही धड."

त्यांना वाटलं, ही वेशीबाहेरच्या चिखलोलीवरूनच परत फिरेल. पण मला ती सायकल हवी होती, आणि का हवी होती ते सांगते. जन्मात मी जी कुठे गेले, ती कोणी न्यायला आलं म्हणून नाहीतर कोणी पोचवायला आलं म्हणून. मनात आलं आणि निघाले, असं एकदाही झालं नव्हतं.

चिखलोलीपर्यंत मी मुद्दाम डांबरी रस्ता सोडून डोंगराच्या कडेची पायवाट धरली. म्हटलं, पहाडवाली आहे ना, दाखव मग. पहिला चढ आला. गियर हलका केला आणि पाय शिवणयंत्रावर फिरावेत तसे भरभर फिरायला लागले, सायकल मात्र मुंगीच्या चालीने. मला वाटलं, साखळी तुटली. उतरून बघितलं तर सगळं जागेवर. पुन्हा बसले. वर पोचले तेव्हा छातीत मोटार चालू झाल्यासारखं होत होतं आणि समोर मलंगगड असा उभा होता, जसा मी आमच्या खिडकीतून कधी बघितलाच नव्हता. खिडकीतून त्याचा तुकडा दिसतो. इथे तो पायापासून डोक्यापर्यंत होता.

मग उतार. काय सांगू तुम्हाला, ब्रेक हातात होते हे माझ्या हातांना माहीतच नव्हतं. दगड टायरखालून टणाटण उडत होते, दात दातांवर आपटत होते, ओढणी मागे कुठे होती देव जाणे. खाली आले तेव्हा जिवंत आहे याचंच नवल वाटलं. आणि खरं सांगायचं तर पुन्हा वर जाऊन पुन्हा खाली यावंसं वाटलं. या गोष्टीचा मला पडण्यापेक्षा जास्त धसका बसला.

तिथे एक म्हातारबाबा शेळ्या चारत होते. सगळं बघून जवळ आले.

"कोणाची सायकल?"

"माझी."

"नाय, घेतली कोनी?"

"मीच."

"बरं." दाढी खाजवून पुन्हा म्हणाले, "पन हाय कोनाची?"

मी सायकलवर बसले आणि पुढे निघाले.

कुळगावला पोटात कावळे ओरडायला लागले म्हणून एका हॉटेलात शिरले. हॉटेलात एकटीने शिरायची ही पहिलीच खेप. वेटर म्हणाला, "किती जण?"

"एक."

"मागून येतायत?"

"कोणी येत नाही."

त्याने मला पडद्याआडच्या फॅमिलीच्या बाकावर बसवलं आणि पाण्याचे दोन ग्लास ठेवले. उसळपाव आला. वाटाण्याची उसळ, वर कांदा, तिखट असं की कानातून धूर. दुसऱ्या ग्लासातलं पाणीही मीच प्यायले.

रेल्वेचं फाटक ओलांडून सोनिवली गावाच्या अंगाला लागले, तसा रस्ता संपला आणि शेतं सुरू झाली. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात, मधून बैलगाडीची वाट. नदीवरचा पूल तिथून चांगलाच लांब पडत होता. बांधावर एक बाई गवताचा भारा बांधत होती, तिला विचारलं, "ताई, पलीकडच्या गावाला जायला जवळची वाट आहे का?"

तिने आधी जीन्स बघितली, मग सायकल, मग मी. "सरल जा बाय. त्या आंब्याचे झारापाशी (झाडापाशी) उतार हाय."

"चांगला आहे का उतार?"

"चांगला हाय. आता बारकी पोरापन जातान."

मला एवढं हायसं वाटलं. पाय दुखून आले होते, आता बसल्या बसल्या उतरायचं. झाडाशी वाट वळली आणि दोन दरडींच्या मधून खरंच खाली गेली. शेठचं बोलणं आठवलं, उतार पे भारी. गियर भारी टाकला, पायडलवर उभी राहिले आणि सोडली सायकल. चिखलोलीला भीती वाटली होती, इथे वाटली नाही. शिकले की नाही मी, असंच मनात म्हणत होते.

वाट पुन्हा वळली, आणि पुढे वाटच नव्हती. पाणी होतं. आख्खी उल्हास नदी आडवी.

मी ब्रेक दाबला का, ओरडले का, मला आठवत नाही. एवढंच आठवतं की सायकल थांबली आणि मी नाही थांबले. डोकं पाण्यात गेलं, नाकातोंडात पाणी, ओढणी गळ्याभोवती. मी बुडतेय म्हणून जीव खाऊन किंचाळायला लागले. पोरं डोळ्यांसमोर आली.

मागून आवाज आला. "पाय टेक गो."

तीच गवताच्या भाऱ्यावाली. भारा डोक्यावर घेऊन पाण्याच्या काठाशी उभी.

"मी बुडतेय."

"बसलीस म्हनून बुरतेस. उभी ऱ्हा. ढोपराएवरा (गुडघ्याएवढं) पानी हाय."

मी उभी राहिले. खरंच, गुडघ्याएवढंच. आणि तेवढ्या पाण्यात मी मरायला निघाले होते. मागून अजून दोन बाया आल्या, त्यांनी हसून हसून डोक्यावरचे भारे पाडले.

"अहो पण तुम्ही म्हणालात ना, उतार चांगला आहे," मी रडवेली झाले.

"मंग? हाच उतार." तिने हाताने पाणी दाखवलं. "उतार हाय म्हनून सांगितला. उरी (उडी) मार म्हनून नाय सांगितला."

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. नदीकाठच्या माणसांचा उतार म्हणजे नदी पायी उतरून जायची उथळ जागा. आणि आम्ही अंबरनाथची माणसं. आमच्याकडे नदी म्हणजे वालधुनी, कारखान्यांच्या पाण्याने आज हिरवी तर उद्या लाल. तिच्यात कोणी बोट घालत नाही. नदी पायांनी ओलांडतात, हे माझ्या डोक्यात यावं तरी कसं? आयुष्यभर मराठीच बोलत आले आणि घरापासून एवढ्याशा अंतरावर माझ्याच भाषेतला शब्द मला तोंडावर पाडून गेला.

बायांनी सायकल ओढून काढली. लाल रंगावर दगडाने ओढलेली लांब पांढरी रेघ. साखळी सरकवणारा मागचा गियरचा चिमटा वाकडा. माझं उजवं मनगट टम्म सुजलेलं. मीही धड नाही आणि तीही धड नाही. मी ओल्या ओढणीने ती रेघ पुसून बघितली, पण गेली नाही.

"नवऱ्यान टाकली काय तुला?" एकीने विचारलं.

"नाही. त्यानेच पाठवलं."

"मंग तोच टाकल आता," ती म्हणाली, आणि तिघी पुन्हा हसल्या. पण पलीकडच्या काठापर्यंत सायकल त्यांनीच धरली, ते सांगितलंच पाहिजे.

अक्काचं घर गावाच्या टोकाला. तिचा नवरा वारून बरीच वर्षं झालेली, मुलगा भिवंडीला यंत्रमागावर. मी दारात उभी राहिले, अंगातून पाणी गळतंय, केस तोंडावर. अक्का तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं आणि हातातलं सूप खाली पडलं.

"सुमे, कोण गेलं?"

"कोणी नाही गं."

"खोटं बोलू नकोस. भाऊजी?"

"ते घरी आहेत."

"पोरं?"

"पोरं अभ्यास करतायत. अक्का, सगळे बरे आहेत."

"मग कोण गेलं गं?" पदर तोंडाला लावून ती रडायलाच लागली. शेजारच्या बाया धावत आल्या, तिला धरून बसल्या, एकीने मलाही धरलं आणि 'धीर धर' म्हणाली. कोण मेलं ते कळण्याआधीच दुखवटा सुरू झाला. मी सांगतेय ते कोणाच्या कानातच शिरेना. शेवटी मी अक्काचे दोन्ही हात धरून हलवले.

"अक्का, कोणी गेलं नाही. मी तुला भेटायला आलेय."

तिने डोळे पुसले. "आणि?"

"आणि काही नाही."

"नुसती?"

तो एक शब्द मला नदीपेक्षा थंड लागला. मी मनात आठवून बघितलं. या घरात मी बाळंतपणाला आले होते, लग्नाला आले होते आणि मयताला आले होते. नुसती कधीच आले नव्हते. मीच नाही, कोणीच आलं नव्हतं. म्हणून बहीण दारात दिसली की मरण आलं, एवढाच अर्थ तिला ठाऊक.

शेजारणी निघून गेल्या, थोड्या हिरमुसूनच गेल्या. अक्काने मनगटावर हळद लावली, तांदळाची भाकरी थापली, सुकट परतली, खुरासणीची चटणी वाढली. मी जेवत होते आणि ती समोर बसून बघत होती. एरवी बोलायला लग्नाचं असतं, आजाराचं असतं, कोणाचं तरी काहीतरी असतं. भाकरी संपत आली तेव्हा ती म्हणाली, "अशा वेळी काय बोलतात गं?"

"मलाही नाही माहीत," मी म्हटलं. मग दोघींना जे हसू फुटलं ते आवरेना.

एसटीच्या टपावर सायकल टाकू म्हणून ती मागे लागली. मी ऐकलं नाही. हरले होतेच, निदान एकटी परत यायचं तरी राखायचं होतं. पुलावरून आले. गियर भारीवरच अडकलेला, म्हणून चढ आला की ढकलत आणि सपाटीला एका हाताने. चिखलोलीशी सूर्य डोंगराच्या टोकाला टेकला होता. आमचे हे चाळीत नव्हते, रस्त्यावर येऊन उभे होते. कधीपासून ते त्यांनी सांगितलं नाही. सायकलीकडे नंतर बघितलं. आधी म्हणाले, "हात दाखव."

मी दाखवला.

"धड नाही."

"नाही."

"मग उद्या परत."

"उद्या परत," मी म्हटलं. बोललेलं बोललेलं.

सोमवारी रजा टाकून ते स्वतः माझ्याबरोबर उल्हासनगरला आले. शेठने सायकलवरच्या रेघेवर अंगठा फिरवला, चिमटा बघितला, मग मला बघितलं.

"दादी, ये तो वापस नाय होणार. ज्याने पाडली, त्याची."

या गोष्टीला असाही दरवाजा आहे, हे आम्हा नवराबायकोपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. येताना सायकल तेच ढकलत होते, माझ्या हाताला पट्टी होती ना. अर्ध्या वाटेवर थांबले आणि म्हणाले, "तू मुद्दाम पडलीस."

पुढे त्या सायकलने मला चिखलोलीच्या मागचे सगळे डोंगर दाखवले. पडले पुष्कळदा, त्याचं आता काही वाटत नाही. पण अक्काच्या त्या 'नुसती?'चं उत्तर द्यायला मला फार खेपा लागल्या. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही ती दचकली, फक्त रडली नाही. तिसऱ्यांदा नुसतीच माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी जातच राहिले. कधी बोलायला असायचं, कधी नसायचं.

मग एकदा उन्हाळ्यात टायर पंक्चर झाला आणि मला पोचायला दुपार उलटली. मी सायकल भिंतीला लावली. अक्का ओट्यावर बसली होती. ती उठली नाही, दचकली नाही, कोण गेलं ते विचारलं नाही. नुसती रागाने म्हणाली, "आज उशीर केलास."