पोचेपर्यंत केर नाही

मी पहिल्यांदा जर्मनीला निघाले, तेव्हा वेल्ह्याच्या आमच्या घरासमोर दादाने जीप सुरू केली आणि आईने केरसुणी उचलून उंच फळीवर ठेवून दिली. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत झाडायचं नाही, ही तिची रीत. एरवी मी एसटीने पुण्याला पोचायचे आणि दुपारच्या आत घर लख्ख व्हायचं.

"किती येळ लागंल गं?" तिने विचारलं. मी मोबाईलमध्ये बघून सांगितलं, मुंबई ते फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटर, नऊ तास.

"मंग काय, सांच्याला झाडता यील."

नसरापूरपर्यंतचे खड्डे, हायवे, मुंबईतलं ताटकळणं, पलीकडे उतरल्यावरची ट्रेन, यातलं काहीच त्या नऊ तासांत नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन केला तर वहिनी करवादलेली. "वन्सं, घराचा पार उकिरडा झालाय. आत्याबाई केरसुणीला हात लावू देत न्हाईत!" मागून आईचा आवाज आला, "पोचली न्हवं? काढ आता केर."

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे लांब गेलेत, त्यांना विमानातली ती गुंगी माहीत असेल. समोरच्या पडद्यावर इवलंसं विमान सरकत असतं, खाली कुठला समुद्र आहे कळत नाही. दर खेपेला त्या गुंगीत मला आमचं घर दिसायचं. बॅग भरताना सांडलेले इंद्रायणी तांदळाचे दाणे जमिनीवर तसेच, माझ्या पावलांची धूळ उंबऱ्यात तशीच. तिथे मी अजून निघतच असायचे. फार बरं वाटायचं.

आई गेल्या वर्षी वारली. वर्षश्राद्धाला गेले आणि परत निघायची वेळ आली. आता कोण थांबणार? वहिनीला ही रीत कधीच पटली नव्हती आणि विचारायचा मला धीर झाला नाही. जीप वळली तेव्हा मी मागे पाहिलंच नाही. केरसुणी घेऊन ती दारात दिसली असती तर मला सोसलं नसतं. विमानात डोळे मिटले, पण घर काही दिसेना.

इथे पोचून कुलूप उघडलं आणि तशीच झोपले. पोचल्याचं कळवायचं कुणाला, असंच वाटलं. फोनच्या आवाजाने जाग आली. वहिनी होती, चांगलीच तापलेली.

"वन्सं, पोचल्या का न्हाई अजून? कालधरनं पायाला तांदूळ टोचत्यात हितं!"

"पोचले, वहिनी," एवढंच कसंबसं म्हणाले आणि मला रडू फुटलं.

"मंग ठिवा आता. केर काढायचाय मला."

"ठेवू नका ना."

तिने मोबाईल फळीवर ठेवला. आईच्या केरसुणीचा आवाज ऐकत मी कितीतरी वेळ बसून राहिले.