पाप म्हणायचं की शोषण

मिशनच्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिला सगळे खळबाई म्हणत. एक तर नर्सांच्या टोप्यांना आणि एप्रनना खळ घालायचं काम तिचं, आणि दुसरं म्हणजे बाई स्वतःच खळ घातल्यासारखी ताठ. ‘मोडेन पण वाकणार नाही’ ही म्हण हिच्यावरूनच निघाली असेल, असं मुकादम म्हणे. अर्थात कौतुकाने नव्हे.

तिचे वडील चर्चमध्ये प्रार्थना सांगणारे, नाकासमोर चालणारे गृहस्थ. आणि तिने लग्न केलं ते छापखान्यातल्या एका मार्क्सवादी युनियनवाल्याशी. वडील म्हणाले, “पोरगी नास्तिकाच्या घरात पडली.” नवऱ्याचे सोबती म्हणाले, “पाद्र्यांची पोर आणलीस, आता संप सोड आणि माळ धर.” दोघांचंही खरं झालं नाही. रविवारी ती उपासनेला जाई, तो चर्चच्या पायरीवर पेपर वाचत बसे. मग घरी जाऊन दोघं ताटावर भांडत. तो म्हणे, “तुझा देव गरिबांना फक्त धीर देतो.” ती म्हणे, “आणि तुझी क्रांती फक्त तारीख देते.” भांडून झालं की भांडी दोघं मिळून घासत.

तो गेला तेव्हा तिने त्याच्या उशाशी क्रूस ठेवला आणि अंगावर लाल झेंडा घातला. चर्चवाल्यांनी झेंड्याकडे पाहून नाक मुरडलं, सोबत्यांनी क्रूसाकडे पाहून. तिने दोन्हींतलं एकही हलवू दिलं नाही.

म्हणून तर काही वर्षांनी नवे फादर आणि पक्षाचे मास्तर यांनी ‘ख्रिस्ती आणि मार्क्सवादी संवाद’ सुरू केला, तेव्हा पहिलं बोलावणं तिला आलं. मास्तर म्हणजे तिच्या नवऱ्याचा जुना मित्र, शाळेतून निवृत्त झालेला. तो तिला वहिनी म्हणे. फादर तरुण, हसतमुख, हॉस्पिटलच्या विश्वस्तांपैकी एक.

“बाई, तुमचं घर म्हणजे या संवादाचं जिवंत उदाहरण,” फादर पहिल्याच बैठकीत म्हणाले. खळबाईला बरं वाटलं. का वाटू नये? आयुष्यभर जे तिने ताटावर केलं, ते आता शहाणी माणसं सभा घेऊन करणार होती.

बैठका नर्सांच्या जेवणघरात होत. लांब टेबल, कपाटात उलटे ठेवलेले पेले, फिनेलचा वास. बोलणं सुंदर चालायचं. फादर म्हणत, पहिले ख्रिस्ती आपलं सगळं एकत्र ठेवत, ज्याला गरज त्याला देत. मास्तर विचारत, “मग पुढे काय झालं, फादर?” सगळे हसत. फादर म्हणत, “तेच मी तुमच्या क्रांत्यांबद्दल विचारणार होतो.” पुन्हा हशा. श्रमाची प्रतिष्ठा, शेजाऱ्यावर प्रेम, माणूस हा साधन नव्हे. प्रत्येक मुद्द्यावर दोघांचं जमत होतं. खळबाई कौतुकाने ऐके आणि मनात म्हणे, आज माझा माणूस असता तर या दोघांनाही धारेवर धरलं असतं.

खाली धुलाईखान्यात मात्र चादरींच्या रोलरचं वेगळंच चाललं होतं. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून तापलेल्या रोलरमध्ये सोडायची. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी होती. हात फार पुढे गेला, की दांडीला धक्का लागून यंत्र जागच्या जागी थांबायचं. दांडी खिळखिळी झाली आणि जरा कशाने हललं तरी यंत्र थांबू लागलं. चादरी तुंबल्या. तेव्हा मुकादमाने दुरुस्ती सांगण्याऐवजी फाटक्या चादरीची पट्टी काढून दांडी वर बांधून टाकली. “आता पळेल घोडं,” तो म्हणाला.

खळबाईने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढवून सांगितलं. मुकादम म्हणाला, “वर कळवलंय.” वर म्हणजे कुठे, ते त्यालाच ठाऊक.

आणि एक दिवस ठेंगणीचा हात आत गेला. ठेंगणी म्हणजे खळबाईच्या शेजारी उभी राहणारी, पायाखाली फळी घेऊन काम करणारी बाई. नवरा आजारी, लेक शाळेत. चादरीची घडी आडवी झाली म्हणून ती सरळ करायला गेली, आणि ओरडली. खळबाईने धावत जाऊन मुख्य खटका ओढला, तोवर व्हायचं ते झालं होतं. दोन बोटं काढावी लागली. वरच्याच मजल्यावर काढली, हे त्यातल्या त्यात नशीब, असं मुकादम म्हणाला. खळबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दिवसभर तिच्या वाटेला गेला नाही.

पुढच्या बैठकीत तिने ही गोष्ट टेबलावर ठेवली. सगळे हळहळले. फादरांनी डोळे मिटून प्रार्थना केली. मास्तरांनी मूठ टेबलावर आपटली, पेला हलला.

“मग उद्या येता का दोघं खाली?” तिने विचारलं. “नुसते येऊन उभे राहा. दांडी बसेपर्यंत रोलर चालू नको, एवढंच सांगा.”

फादर चाचरले. “बाई, मी विश्वस्तांशी बोलेन. पण मी थेट असा उभा राहिलो, तर ते म्हणतील, मार्क्सवाद्यांनी फादरांच्या नाकात वेसण घातली. संवादच बंद पाडतील.”

“भाऊजी, तुम्ही?”

मास्तरांनी घसा साफ केला. “वहिनी, एरवी आम्ही फाटकावर झेंडे घेऊन कधीच आलो असतो. पण आत्ता आलो, तर फादरांचे लोक म्हणतील, संवाद हा नुसता बहाणा होता, डोळा हॉस्पिटलवर होता. इतक्या कष्टाने जमवलेला विश्वास आहे.”

ती दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. आधी हे एकमेकांचे वैरी होते म्हणून काही होत नव्हतं. आता मित्र झाले, म्हणून होत नव्हतं.

“आपण दोघं मिळून जे निवेदन काढणार आहोत, त्यात याचा उल्लेख नक्की करू,” फादर म्हणाले. “मानवी पापाचं उदाहरण म्हणून.”

“पाप नव्हे, फादर. शोषण,” मास्तर म्हणाले. “पाप म्हटलं की दोष एका मुकादमाच्या मनात जातो. दोष व्यवस्थेत आहे.”

“पण मुकादमाला मन आहे, हे तुम्ही विसरता.”

चर्चा रंगली. चहा आला. खळबाई उठली तेव्हा खुर्ची मागे पडली.

“तिची बोटं गेली! त्याला काय म्हणायचं ते तुम्ही सावकाश ठरवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रोलरचा खटका बंद केला आणि त्याच्यासमोर स्टूल टाकून बसली. बाकीच्या बायका आधी एकमेकींकडे पाहत राहिल्या, मग एकेक करून त्याही बसल्या. मुकादम ओरडून थकला. ऑपरेशनच्या खोलीतले कपडे तेवढे हातइस्त्रीने करून देऊ, असं त्यांनी कळवलं. पण हातइस्त्री कुठे पुरी पडणार? दुपारपर्यंत वॉर्डात चादरींचा तुटवडा पडला.

एका आजारी पोरीची आई पायऱ्या उतरून खाली आली. “माझी लेक घामाने भिजलेल्या चादरीवर पडलीय. तुमची भांडणं तुमच्यापाशी, तिने काय घोडं मारलं?” खळबाईने हाताने इस्त्री केलेली, अजून गरम असलेली एक चादर त्या बाईच्या हातात दिली. बाईने ती हिसकावून घेतली. खळबाईला रडू आलं आणि त्या रडण्याचाच राग आला.

मग फादर आले. धुलाईखान्यात पहिल्यांदाच. वाफेने चष्मा धुरकटला. “बाई, रुग्णांना वेठीला धरणं कोणत्या नीतीत बसतं?” थोड्या वेळाने मास्तर आले, तेही वैतागलेले. “वहिनी, आधी विचारायचं तरी! असं एकटीने लढा सुरू करतात का?”

“विचारलं होतं,” ती म्हणाली. “पेल्यातला चहा संपला नव्हता तुमचा.”

त्यावर दोघं एकमेकांवरच घसरले: कुणी कुणाला भडकवलं, कुणी शब्द मोडला. बायका इस्त्र्या खाली ठेवून ऐकत होत्या.

संध्याकाळ व्हायच्या आत मिस्त्री आला. त्याने पट्टी सोडली, दांडीची झिजलेली कडी बदलली आणि यंत्र चालवून दाखवलं. “एवढ्यासाठी?” तो म्हणाला. त्याला काय सांगणार!

दांडी बसली. ठेंगणीच्या भरपाईचा विषय ‘विचाराधीन’ झाला. खळबाईला धुलाईखान्यातून उचलून वरच्या कोपऱ्यातल्या शिवणखोलीत टाकलं, उसवलेल्या उशा शिवायला, एकटीला. शिक्षा नव्हे, वयाचा मान ठेवून, असं सांगितलं गेलं. संवाद काही महिने बंद पडला. मग दोघा सज्जनांचं पुन्हा सूत जुळलं आणि निवेदन पूर्ण झालं. त्यात ‘पाप आणि शोषण’ असे दोन्ही शब्द होते. एका ‘धैर्यशील कामगार भगिनी’चाही उल्लेख होता.

प्रकाशनाला तिने दोन शब्द बोलावेत, असा आग्रह झाला. ती जाणार नव्हती. ठेंगणी म्हणाली, “ताई, जा. माझं विचारून ये.”

ती गेली. व्यासपीठावर उभी राहिली आणि म्हणाली, “मला भाषण येत नाही. ठेंगणीच्या भरपाईचं काय झालं, एवढंच सांगा.” लोकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग फादर म्हणाले, विश्वस्तांपुढे विषय आहे. मास्तर म्हणाले, लढा चालूच राहील. पुन्हा टाळ्या.

सभा सुटली. दाराशी फादर आणि मास्तर एकमेकांना वाट देत उभे होते.

“आधी तुम्ही, मास्तर.”

“छे छे, फादर, तुम्ही आधी.”

मागे गर्दी तुंबली होती. खळबाई दोघांच्या मधून खांदा घालत बाहेर पडली आणि मागे न पाहता ठेंगणीच्या घराकडे चालू लागली. तिला काय सांगायचं, ते वाटेत काही केल्या सुचेना.