लाल पायघड्या

ए-लेव्हलला, म्हणजे इंग्लंडमधल्या बारावीला, आम्हाला एक जुनी ग्रीक शोकांतिका होती. तिच्यातली राणी मला पहिल्याच वाचनात आवडली. दहा वर्षांनी युद्धावरून परतलेल्या नवऱ्यासाठी ती दारापासून आतपर्यंत लाल वस्त्रं अंथरते. राजा आधी आढेवेढे घेतो, मग त्यावरून चालत आत जातो, आणि आत ती त्याचा खून करते. मी निबंधात ठणकावून लिहिलं, की राणीचं नवऱ्यावर प्रेम होतं, पुढे तिचं डोकं फिरलं. पुरावा काय, तर पायघड्या! त्या जिवाभावाच्या माणसालाच घालतात.

इंग्रजीच्या बाईंनी समासात लिहिलं, 'कापड लालच का? ते रक्त आहे. हा मान नाही, सापळा आहे.' मला असा राग आला! या बाईंसाठी कुणी कधी साधी चादर तरी अंथरली होती का?

माझ्यासाठी अंथरली होती. आईबाबा दोघेही डॉक्टर. मी तीन वर्षांची असताना मला सांगलीला मावशीकडे ठेवून ते इकडे आले. 'दोन वर्षांत नेतो' म्हणता म्हणता सहा झाली. शेवटी मी कॉव्हेंट्रीच्या घरी पोचले, तर आईने तिचा लग्नातला लाल शालू दारापासून जिन्यापर्यंत अंथरलेला. त्यावर पाय कसा द्यायचा? मी भिंतीला चिकटून कडेकडेने आत गेले. आई आधी हसली, मग रडायला लागली.

पुढच्या तासाला बाईंनी राणीच्या रागाचं मूळ सांगितलं. मी ते घाईत वाचलंच नव्हतं. युद्धाला निघालेली जहाजं वाऱ्यावाचून अडकली, तेव्हा राजाने पोटच्या मुलीचा बळी दिला होता. लग्न ठरलंय असं खोटं सांगून तिला बोलावून घेतलं होतं.

माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. जहाजं म्हणजे बाबांची नोकरी, बळी मी, हे सरळ होतं. पण मग आई कधीच कशी चिडली नाही? बाबांना रोज गरम पोळी, वर साजूक तूप! माझ्यासाठी ती एकदा तरी भांडली होती का, एवढंच मला हवं होतं.

शनिवारी दुपारी आई पोळ्या करत होती. मी तिला सगळी गोष्ट सांगितली. तिचं लाटणं थांबलं.

"त्या राणीला आधी विचारलं होतं का गं?"

"नाही ना. चक्क फसवलं तिला."

"मग तिचं बरं होतं."

"म्हणजे?"

"मला विचारलं होतं. हे म्हणत होते, हिला बरोबर घेऊया, वी विल मॅनेज. मीच नको म्हटलं. माझ्या एक्झाम्स होत्या."

बाबा आपले राजा म्हणून माझ्या मनात इतके दिवस शिव्या खात होते.

"आणि एक्झाम्स झाल्यावर?" मी विचारलं.

आईने तव्यावरची पोळी उलटली. ती करपली होती.

"तोवर तुझ्याशिवाय जमायला लागलं होतं," ती म्हणाली.

मी ती करपलेली पोळी तव्यावरून उचलून माझ्या ताटात घेतली.