टेकलच्या वाटेवरचं शहाळं

बंगळुरात भाऊबीजेची सुट्टी नसते. सुट्टी असते पाडव्याला, म्हणून आमच्याकडे गेली कित्येक वर्षं भाऊबीज एक दिवस आधीच उरकली जाते. यंदा मी दादाला म्हटलं, घरात बसून ओवाळणं-जेवणं पुष्कळ झालं, पाडव्याला कुठंतरी खेड्यात चालायला जाऊ. तो इतक्या पटकन हो म्हणाला, की मलाच कसंतरी झालं.

कारण मी हे विचारलं त्याच्या आदल्याच दिवशी वहिनीचा फोन आला होता. दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, चार महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे आणि जयूला यातलं काही कळू द्यायचं नाही अशी त्यानं तिला शपथ घातली आहे. जयू म्हणजे मी. आपण हे सांगितल्याचं त्याला कळू देऊ नकोस, असंही वहिनी म्हणाली. मग त्यानं काय काय खायचं नाही त्याची यादी सांगितली: शहाळं नाही, केळं नाही, शेंगदाणे नाहीत, मीठ अगदी बेतानं, पाणी मोजून. शेवटी जरा थांबून तिनं विचारलं, तुम्हा दोघांचा रक्तगट एकच ना गं? पुढचं ती बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती.

तेव्हा ही सहल मी एक वाक्य बोलण्यासाठी आखली होती: दादा, माझी तपासणी करून घेऊ या.

आता रस्ता. मी बेळ्ळंदूरला राहते, दादा राजाजीनगरला. तो मेट्रोनं आला, मी रिक्षानं, आणि के. आर. पुरम स्टेशनवर आम्ही भेटलो. सणाचा दिवस असल्यानं रिंग रोड चक्क रिकामा होता. तिथून बंगारपेटकडे जाणारी सकाळची पॅसेंजर धरायची. तिकीट माझ्या ऑफिसजवळच्या कॉफीपेक्षा स्वस्त पडतं. परतीच्या गाड्या मात्र कमी आहेत, वेळा आधी बघून ठेवा. टोपी आणि भरपूर पाणी न्या. टेकलला स्टेशनबाहेर एका इडलीच्या टपरीखेरीज काही मिळत नाही.

दादा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आला होता, डाव्या मनगटाचं बटणसुद्धा लावलेलं. रंग काळवंडला होता. मी म्हटलं, बारीक झालास. तो म्हणाला, साखर सोडली. मी म्हटलं, छान. गाडीत समोरासमोर बसून आम्ही असंच तासभर खोटं बोलत गेलो. बाबांच्या कारखान्याची कॉलनी, तिथले शेजारी, कुणाचा मुलगा कुठं. मालूर आलं, वीटभट्ट्या मागे पडल्या, आणि नीलगिरीच्या राया सुरू झाल्या.

टेकलला उतरलं की पहिल्यांदा दिसतात ते दगड. घराएवढे धोंडे एकावर एक रचलेले. फोटोंत ते फार सुंदर दिसतात. फोटोंत टेकडीची दुसरी बाजू येत नाही. ती खाणींनी कापून नेलीय आणि खाली हिरवं पाणी साचलंय. त्या बाजूनं जाऊ नका. तळ्याच्या बांधावरून कच्चा रस्ता गावाकडे जातो, तो घ्या. या दिवसांत दोन्हीकडे नाचणी उभी असते, कणसं मुठीसारखी आवळलेली, आणि मध्ये पावट्याच्या ओळी. फुलांचा वास इतका गोड होता की मला त्याचा राग आला.

एरवी दादा खड्डा दिसला की कंत्राटदाराचा उद्धार करत चालणारा माणूस. त्या दिवशी तो गप्प चालला. दर विजेच्या खांबाशी थांबायचा आणि दृश्य बघतोय असं दाखवायचा. मीही बघायची. बाटलीतून तो झाकणभर पाणी प्यायचा आणि बाटली पिशवीत परत ठेवायचा. ते वाक्य माझ्या तोंडाशी तीनदा आलं. पहिल्यांदा मागून ट्रॅक्टर आला. पुढच्या दोन वेळा काहीच आलं नव्हतं.

एका सपाट दगडावर आम्ही डबा उघडला. पिशवीत निरांजन आणि कुंकवाची डबीही होती, ती काढलीच नाही. मी नेहमीसारखाच चिवडा नेला होता, दाणे-खोबरं घालून. दाणे वगळून नेला असता तर दादाला तेव्हाच समजलं असतं. मला वाटलं, तो आपणच नको म्हणेल. आणि आमच्या घरात आग्रह केला नाही तर संशय येतो, म्हणून मी आग्रहही केला. तो मूठभर खाऊन म्हणाला, यंदा छान जमलाय. मी आणखी वाढला.

पुढे गावाच्या तोंडाशी एका घरासमोर म्हातारा-म्हातारी गाय सजवत होती. कुठून आलात, बसा, असं झालं. म्हाताऱ्यानं मागच्या झाडाची दोन शहाळी आणून कोयत्यानं तासली. दादा हात हलवून नको म्हणत होता. "हब्बद दिना, हागे होगबारदु," म्हातारी म्हणाली. सणाच्या दिवशी तसंच जायचं नसतं. "स्वल्प कुडीरि, अण्णा." थोडं तरी प्या.

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी तिथंच बोलायला हवं होतं. त्याला चालत नाही, एवढे तीन शब्द. पण मग मला कसं ठाऊक, हा प्रश्न आला असता, वहिनीची शपथ आली असती, आणि पाठोपाठ ते वाक्य आलं असतं. मी माझ्या शहाळ्याला तोंड लावलं. दादानंही लावलं. त्यानं ते संपवलं. चार महिन्यांची तहान होती ती.

परतीच्या वाटेवर तळ्याच्या बांधापाशी त्याचे पाय गळाले. पडला नाही, पण गुडघ्यांत जोरच नाही म्हणाला आणि खाली बसला. मी त्याला डाव्या दंडाला धरून उठवायला गेले, तर बाहीखाली काहीतरी थरथरत होतं. डायलिसिससाठी आत शीर धमनीला जोडलेली होती, तिच्यातून रक्त धावत होतं. मी हात काढून घेतला.

"वहिनीनं सांगितलं ना तुला?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग शहाळं का पिऊ दिलंस?"

"तू का प्यालास?"

"तुला कळू नये म्हणून."

मी रडायला लागले. तो खाली नाचणीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जयू, ती किडनीची गोष्ट काढू नकोस. तू देते म्हणालीस तर मला नको म्हणता येणार नाही. तुझी मुलं लहान आहेत. म्हणून तू म्हणूच नकोस."

मी डोळे पुसले आणि म्हटलं, गाडी चुकेल.

गाडीची वाट पाहिलीच नाही. गावातल्या एका माणसानं त्याच्या मोटारीतून आम्हाला थेट बंगळुरात आणून सोडलं. वाटेतून फोन केला होता, वहिनी हॉस्पिटलच्या दारात उभी होती. संध्याकाळच्या आत दादाला मशीन लावलं. डॉक्टर वहिनीवर ओरडले, खाण्यावर लक्ष ठेवता येत नाही का म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. मी शेजारीच उभी होते, मी काही बोलले नाही.

दादा आता बरा आहे, म्हणजे पूर्वी होता तितपत. टेकलला जायचं तर जरूर जा, नोव्हेंबर उत्तम. पण माझ्याबरोबर काय आलं ते विचाराल, तर तो बांध आला. तू म्हणूच नकोस असं दादा म्हणाला, तेव्हा रडता रडता मला सुटल्यासारखं वाटलं होतं. अगदी स्पष्ट वाटलं होतं.

दोन आठवडे झाले. वहिनीचे दोन फोन येऊन गेले, दोन्ही वेळा आम्ही दादाच्या झोपेबद्दल बोललो. मी मनाला सांगते की मी दादाचं ऐकतेय. चव्वेचाळीस वर्षांत मी त्याचं दुसरं काहीच कधी ऐकलेलं नाही.