बैल चढले, मग मी का नाही? गिरीज ते जुन्नर, माझ्या हातची गाडी

"एकदा लांब जाऊन दाखव. वाटेतून मला बोलावलंस, तर सोमवारी गिऱ्हाईक येतंय. नाही बोलावलंस, तर गाडी तुझी," माझा मुलगा मिलिंद म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. हे गेल्यापासून आमची छोटी गाडी अंगणात उभी असते. मी ती आमच्या वसईतल्या गिरीजहून बाजारापर्यंतच नेते. एरवी तिच्या बॉनेटवर सूप मांडून सुकेळी वाळवते, हेही खरं. राजेळी केळी सोलून उन्हात घालायची, संध्याकाळी गोळा करून पानात गुंडाळायची. तापलेल्या पत्र्यासारखी जागा नाही त्याला. पण म्हणून गाडी विकायची? साठी उलटली म्हणजे काय हातपाय गळाले?

जुन्नर निवडलं त्याला कारण आहे. फार पूर्वी आमच्या सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. बैल चढत होते, मग मी का नाही?

सोबतीला नणंद सुलभा. बँकेतून रिटायर झालेली, आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहते. मिलिंदने तिला लक्ष ठेवायला पाठवलंय, हे तिच्या तोंडावरूनच कळत होतं.

शनिवारी उजाडताच निघालो. तुम्ही जाणार असाल तर चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता लवकर पार करा. नंतर ट्रकांची रांग लागते आणि खड्डे हाडं मोजून घेतात. कल्याण सुटलं की मुरबाडला चहा घ्या, पेट्रोल भरा. पुढे माळशेज घाट, कारण नाणेघाटाच्या पायवाटेने गाडी चढत नाही. एक ट्रकवाला मागून सारखा हॉर्न मारत होता. सुलभा म्हणाली, "वहिनी, बाजूला घ्या ना, जाऊ दे त्याला."

"त्याला घाई असेल तर त्याने काल निघायचं होतं," मी म्हटलं आणि दुसऱ्या गिअरवर सावकाश चढत राहिले. घाबरले नव्हते असं नाही. स्टिअरिंग ओलं झालं होतं. पण माथ्यावर गार वारा लागला आणि मी मोठ्याने हसले. घाट संपल्यावर बनकर फाट्याला उजवीकडे वळलं की डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि जुन्नर दिसतं.

गाव मला फार आवडलं. गल्ल्या अरुंद, बाजार गजबजलेला, आणि मान वर केली की शिवनेरी. साध्या लॉजमध्ये स्वच्छ खोली मिळते, फक्त गाडी लावायला जागा आहे का ते आधी विचारा. जेवायला मासवडी आणि बाजरीची भाकरी मागा. रस्सा झणझणीत असतो. आमच्या नारळाला सरावलेल्या जिभेला तो झोंबला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी वाटी घेतलीच.

रविवारी सकाळी शिवनेरीवर गेलो. गुडघे कुरकुरले, त्यांना कुरकुरू दिलं. आता माझा गाढवपणा ऐका. अर्धी वाळलेली सुकेळी घरी ठेवली असती तर बुरशी धरली असती, म्हणून टोपली आणि सूप सोबत आणलं होतं. गड उतरल्यावर पायथ्याशी रखरखीत ऊन बघून हात शिवशिवले. सवयीने बॉनेटवर सूप मांडलं. माकडं टपलेली, म्हणून राखण करत आम्ही दोघी गाडीत बसलो. उकडत होतं, मग पंखा लावला, गाणी लावली. इंजिन बंदच. शेजारी द्राक्षं विकणाऱ्या मंदाताईंनी विचारलं, "आवं ताई, गाडीवर काय वाळत घातलंय?" त्यांना सुकेळं दिलं. त्यांनी चाखलं, डोळे मिटले आणि मूठभर द्राक्षं आमच्या ओंजळीत टाकली.

सूप आवरून निघायला चावी फिरवली. टक. पुन्हा टक. बॅटरी खलास!

सुलभाने पर्समधून फोन काढला. गाडी गेलीच की आता! "सुलभा, त्याला फोन केलास तर आयुष्यात बोलणार नाही तुझ्याशी," मी म्हटलं.

तिने फोन आत टाकला, ओढणी कमरेला बांधली आणि खाली उतरली. "दुसरा गिअर टाका, वहिनी. दादा असंच करायचा."

तेवढ्यात मंदाताईंचा नवरा आला. "साहेब कुठायत? त्यांना बसवा की गाडीवर."

"साहेब भिंतीवर, फोटोत आहेत. गाडी मी चालवते. तुम्ही ढकला."

तो ओशाळला, पण हात लावला. तिघांनी उतारावर ढकललं. मी क्लच सोडला, गाडीने एक आचका दिला आणि चालू झाली. सुलभा रस्त्यात उभी राहून टाळ्या वाजवत होती. वाटेत पुन्हा बंद पडायला नको म्हणून थेट घरापर्यंत कुठे इंजिन बंद केलं नाही. नाणेघाट राहिला. मी परत जाईन.

आता या प्रवासाचं काय उरलं म्हणाल, तर सोमवारची सकाळ. मिलिंदला मी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बंद पडलीच ना? मी बोलावलंय त्यांना." गिऱ्हाईक दारात हजर! बोलल्या शब्दाला जागायचं नसतं का मुलांनी? मिलिंदने चावीसाठी हात पुढे केला. मी चावी मुठीत धरली, गाडीत बसले आणि त्या गृहस्थांना म्हटलं, "ट्रायल हवी ना? बसा."

त्यांना सरळ वसई स्टेशनला आणलं आणि दार उघडून दिलं.

"पण व्यवहाराचं?" ते गोंधळून म्हणाले. "गाडी तर छान आहे."

"म्हणूनच," मी म्हटलं, आणि पहिला गिअर टाकला.